मोंढ्यातला गाद्यांचा मांडव

मांडव घालायचा म्हणलं की मी जागा बघतो, वारा बघतो. आवाज कधी बघितला न्हव्हता. मी अप्पाराव, परतूरचा मांडववाला. हयात यातच गेली, पण मोंढ्यातला तो मांडव आठवला की अजून अंगावर काटा येतो.

घर आमचं मोंढ्यालाच, धान्याच्या बाजाराला, लागून. ट्रॅक्टरचे हॉर्न, लिलावाचा ओरडा, वरून डीजे. माझ्या बायकोचं, दैवशालाचं, डोकं फुटायचं. डॉक्टर म्हणले, हिला शांतता द्या, न्हाईतर काही खरं न्हाई. आता मोंढ्यात शांतता कुठून आणू? तेवढ्यात मोंढ्यातल्या गौतमचंदशेठची पोरगी शिखा पुण्याहून इमारतींचं शिकून आली. "काका, महिनाभर लोकांना बसायला मांडव घालू. गोंगाट वाढला की विजेच्या मोटारीवर गाद्यांचे पडदे आपोआप खाली येतील. कापूस आवाज पिऊन टाकतो."

जुन्या गाद्या द्या म्हणून तिनं गावात सांगितलं. ढीग लागला. पोर शहरात वाढलेली, तिला काय माहीत? निजायची गादी कोण फुकट देतं? लोकांनी मेलेल्या माणसांच्या दिल्या, ज्यावर घरात कोणी पाठ टेकत न्हाई. मला कळलं तोवर पडदे शिवून टांगून झाल्ते.

दैवशाला रोज दुपारी आत बसायला लागली. डोकं थांबलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मंग अमावस्या आली. मोंढा बंद, चिटपाखरू न्हाई. तिला जेवायला बोलवायला गेलो, तर पडदे खाली. आवाज कशाचाच न्हाई, अन् पडदे खाली... वास येत होता, लई दिवसाच्या आजारी माणसाच्या खोलीला येतो तसा. हाका मारमारून थकलो, मंग दोर कापले.

ती कान दाबून बसल्ती.

"किती बोलतेत हो..." हळूच म्हणली. "सगळे एकदम..."

"कोण?"

"लई जणं... अन् तुम्हीबी."

"अगं, मी बाहेरून हाका मारून राह्यल्तो."

"न्हाई..." ती माझ्याकडं बघंना. "तुम्ही पाणी मागत होता. कोणी देत न्हव्हतं."

मांडव त्याच दिवशी उतरवला. शिखा रागावली, रागावू दे. दैवशालाचं डोकं पुन्हा दुखतंय, पण ती त्याचं नावच काढत न्हाई. पाण्याचा तांब्या घेऊन दिवसभर माझ्या मागं मागं फिरते. मीबी मुकाट पितो. तिचा जीव तुटतो ते बघवत न्हाई.

तिला सांगितलं न्हाई, तुम्हाला सांगतो... परवापासून पोटात मावत न्हाई इतकं पितो, तरी घसा कोरडाच.