पोटाच्या औषधाच्या दहा पुड्या

"सेन्सेई, हे औषध डब्यात ठेवता येईल का?"

प्रश्न चौथ्या रांगेतून आला. नागिसा इवाकीने फळ्यावरचा हात थांबवला. समोर सदतीस माणसे होती. जपानातल्या तोयामाचे फेरीवाले, घरोघरी औषधांचे डबे ठेवणारे, विद्यापीठाच्या वार्षिक प्रशिक्षणाला आलेले. निम्मे पेंगत होते. व्याख्यान खरे तर प्राध्यापकांचे होते. त्यांना ऐनवेळी बैठक निघाली, आणि विभागात अशी कामे कंत्राटी माणसाकडेच येतात.

"नाही," ती म्हणाली. "हे प्रोटीनचं औषध आहे. दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं."

"गोळी करून दिलं तर?"

"जठर त्याला औषध समजत नाही. उकडलेलं अंडं समजून पचवून टाकतं."

मागे कोणीतरी हसले. विचारणारा मात्र लिहून घेत होता. पस्तिशीचा, कोटाच्या खांद्यावर अजून ओले थेंब.

"मग याला सोसत काय नाही?"

"उष्णता. जोरात हलवणं. आणि पुन्हापुन्हा गोठवणं-वितळवणं. दर वेळी थोडे रेणू घडी मोडून एकमेकांना चिकटतात. ते परत औषध होत नाहीत."

"उपाय?"

"साखर घालतो. तिच्या आधाराने रेणू घडी सांभाळून राहतो."

"फारच नाजूक प्रकरण," तो म्हणाला आणि वही मिटली.

व्याख्यान संपले तेव्हा बाहेर बर्फमिश्रित पाऊस लागला होता. ती दारात थांबली. शेजारी मघाच्या प्रश्नकर्त्याने छत्री उघडली.

"जेवणाचा डबा विसरला तरी चालेल, छत्री विसरायची नाही, असं आमच्याकडे म्हणतात. तुम्ही इथल्या नाही."

"तोयामा माझं चौथं शहर. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षांत छत्री नाही?" तो हसला. "मी शिमाकुरा. पोट कधीपासून दुखतंय?"

"कोण म्हणालं दुखतंय?"

"बोलताना हात तीनदा बरगडीखाली गेला."

"म्हणजे तुम्ही व्याख्यान ऐकत नव्हता."

"दोन्ही जमतं... सवयीने."

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या विभागातल्या खोलीत लाल डबा आणून ठेवला. सर्दीचे औषध, डोकेदुखीचे औषध, आणि पोटाच्या औषधाच्या दहा पुड्या. आधी वापरा, जेवढे वापराल तेवढ्याचेच पैसे पुढच्या फेरीत द्या, हा तिथला तीनशे वर्षांचा रिवाज.

"सहा महिन्यांनी येईन," तो म्हणाला.

तो सव्वीस दिवसांनी आला.

डबा उघडून त्याने मोजले. पोटाच्या सहा पुड्या गेल्या होत्या, सर्दीची एकही नाही. "सर्दीला वेळ नाही वाटतं तुम्हाला," तो म्हणाला. तिला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले, हे तिच्या लक्षात आले. सकाळी तीन तास तिने पेंगणाऱ्या वर्गाला शिकवले होते. दुपारी तिच्या प्रयोगाच्या कुप्यांतले द्रावण पुन्हा गढूळ झाले होते. अकरा विद्यापीठांना अर्ज गेले होते आणि मार्चअखेर कंत्राट संपत होते.

त्याने कागदात गुंडाळलेली वडी पुढे केली. अंडे आणि साखरेची, हलकी, जिभेवर विरघळणारी. "प्रोटीन आणि साखर," तो म्हणाला. "वर्गात लिहून घेतलं होतं."

त्यानंतर तो दर तीन आठवड्यांनी येऊ लागला. त्याच्याशी बोलून पोट निवळत गेले, आणि त्यातूनच अडचण उभी राहिली. जानेवारीत डब्यातली एकच पुडी गेली होती. असेच चालले तर हा यायचा कशाला? त्याच्या फेरीच्या आदल्या दुपारी नागिसाने उरलेल्या नऊ पुड्या उचलल्या आणि खणात टाकल्या. न मोजलेला आकडा वहीत लिहिला म्हणून याच सत्रात तिने एका विद्यार्थिनीला आठवड्याचा प्रयोग पुन्हा करायला लावला होता.

"दहाच्या दहा?" शिमाकुराचा चेहरा उतरला. "सेन्सेई, हे बरं नाही."

"परीक्षांचे दिवस आहेत..."

फेब्रुवारीतही दहा गेल्या. मार्चमध्येही. तेव्हा तो आला तो खोकी भरण्याच्या धांदलीत. दूर दक्षिणेला, क्युशू बेटावरच्या कुमामोतोहून तिला होकार आला होता. दोन वर्षांचे कंत्राट.

"डबा न्यायला आलात ना?" ती म्हणाली.

"आधी हे घ्या." त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मंगळवारी साडेनऊला तुमची वेळ घेतलीय. पोटाचे चांगले डॉक्टर आहेत. मी बरोबर येतो. जाण्याआधी दाखवाच."

"शिमाकुरा-सान, त्याची गरज नाही."

"तीस पुड्या, सेन्सेई! तीन फेऱ्यांत! मी झोपलेलो नाही नीट."

तिने खण ओढला आणि खोक्यावर पालथा केला. पुड्या पसरल्या. त्याने एक उचलली, उलटून पाहिली, मग दुसरी.

"एकोणतीस," ती म्हणाली. "एक खरंच घेतली होती."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. कान तापले होते.

"मला वाटलं, डबा भरलेला दिसला तर... तुम्ही सहा महिन्यांनीच याल."

"माझी फेरी हिमीची," तो सावकाश म्हणाला. "समुद्राकाठची. विद्यापीठ माझ्या वाटेवर नाहीच."

दोघेही हसले नाहीत. ती खुर्चीत बसली.

"थकलेय मी," ती म्हणाली. "दर वेळी नवं गाव, नवी किल्ली, नवी नावं पाठ करायची. कुमामोतो पाचवं."

"पाचदा गोठून वितळणं."

"ऐकत होता तर."

"सांगितलं ना, दोन्ही जमतं." तो खोक्यावर टेकला. "आजोबांची फेरी क्युशूत होती. आगगाडीने जायचे, पाठीवर गाठोडं. डबा जिथे ठेवला तिथे माणसाने जायचंच, आमच्या धंद्यात एवढा एकच नियम. आणि मी काही डबा परत न्यायला आलेलो नाही."

त्याने डब्यात पोटाच्या दहा नव्या पुड्या रचल्या आणि झाकण लावले. "सहा महिन्यांनी येईन."

नागिसा उठली. झाकण काढले, दहाही पुड्या उचलून कोटाच्या खिशात घातल्या.

"संपल्या," ती म्हणाली.

त्याने रिकाम्या कप्प्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "मग कुमामोतोला तुमच्या आधीच पोचायला हवं, नागिसा-सान. सामान उतरवायला माणूस लागेलच."

खाली तिच्या सामानाची गाडी उभी होती. त्याने डबा दोन्ही हातांवर सपाट घेतला आणि एकेक पायरी जपून उतरू लागला.

"यातलं काहीच हलल्याने बिघडत नाही," ती मागून म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि तसाच उतरत राहिला.