बुंदीच्या तोंडाचं विरजण

रविवारी सकाळी कुमुदताई आवटींच्या दाराशी बायका वाट्या घेऊन यायच्या, आणि त्यात कुणाला नवल वाटत नसे. मिरजेच्या त्या कॉलनीत शेजारच्या घरी विरजण मागायला जाणं पूर्वापार चालत आलेलं. फरक एवढाच, की हे विरजण दह्यासाठी नव्हतं. ते मांजरांच्या हिरड्यांना लावायचं होतं.

वर्षापूर्वी बाजारात 'गंधभक्षी' नावाचं पाकीट आलं होतं. मांजराच्या दातांच्या फटीत अन्नाचे कण अडकतात, त्यांच्यावर जिवाणू पोसतात आणि सडक्या अंड्यासारखा वायू सोडतात. लाडक्या मांजरानं जांभई दिली की पाहुणे खुर्ची मागं सरकवतात, ते त्यामुळंच. गंधभक्षी हे प्रयोगशाळेत घडवलेले दुसरे जिवाणू. ते हिरड्यांवर वस्ती करायचे आणि तो वायूच खाऊन टाकायचे. आठवडाभरात मांजराच्या तोंडाला वास म्हणून उरायचा नाही. पिल्लांना तर वेगळं लावावंही लागत नसे, आईनं चाटलं की झालं.

पाकिटावर लाल अक्षरांत छापलेलं होतं, की दर महिन्याला नवीन पाकीट वापरा, घरी वाढवू नका. कुमुदताई ते वाचून चक्क हसल्या होत्या. तीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत विरजणं जोपासलेल्या बाईला हे शिकवणार! खप वाढवायच्या युक्त्या, दुसरं काय? विरजण कधी कुणी विकत आणतं का? त्यांनी चिमूटभर पूड कोमट दुधात कालवली, वाटी झाकून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी घट्ट विरजण तयार. मग रोज त्यातलं चमचाभर नव्या दुधात. असं करता करता ते चाळीस घरांत पोचलं, आणि 'ताईंच्या हाताला गुण आहे' असं जो तो म्हणू लागला. ताईंनाही ते ऐकायला गोड लागायचं, खोटं कशाला बोला.

हे सगळं मूळ बुंदीसाठी, ताईंच्या मांजरीसाठी. डोळेही न उघडलेलं हे पिल्लू ताईंना दूध संघाच्या गोदामात सापडलं होतं. ड्रॉपरनं दूध पाजून वाढवलेलं. यजमान गेल्यावर त्या घरात ताईंशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. सकाळच्या चहापासून त्यांची बडबड बुंदीशीच चालायची. तिच्या तोंडाला वास यायला लागला तेव्हा बहिणीनं नाक मुरडलं होतं, आणि ताईंना ते भारी झोंबलं होतं.

त्या रविवारी मात्र दाराला कुलूप होतं. बुंदीनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. ताई तिला टोपलीत घालून रिक्षानं डॉक्टर तांबोळींकडे गेल्या. बुंदी महिनाभर पाणी फार पीत होती हे खरं, पण एप्रिलच्या उन्हात कोण पीत नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

तांबोळी म्हणजे जुन्या वळणाचा जनावरांचा डॉक्टर. यंत्रं होती त्यांच्याकडे, पण आधी जनावराचं तोंड उघडून हुंगायचं, मग यंत्राकडे वळायचं, ही त्यांची रीत. त्यांनी बुंदीचं तोंड हुंगलं आणि मान हलवली. तोंड तर स्वच्छ होतं. मग रक्ताचा थेंब यंत्रात घातला आणि पडद्यावरचे आकडे बघून ते ताईंकडे वळले.

"कुमुदताई, मूत्रपिंडं गेलीत हिची. दोन्ही."

"असं कसं होईल? तोंडाला वास नाही. दोन महिन्यांपूर्वी लस द्यायला आणली तेव्हा तुम्हीच हुंगलं होतं."

तेच तर मला कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंड थकलं की रक्तातली घाण लाळेत उतरते आणि तोंडाला मुतारीसारखा दर्प येतो. त्यांच्यासाठी तीच पहिली खूण. म्हणून तर गंधभक्षी तयार करणाऱ्यांनी त्या दर्पाला हात लावलेला नव्हता, शिळा वास तेवढा खायचा अशी बांधणी होती. डॉक्टरांनी विचारलं, पाकीट कोणत्या महिन्याचं?

ताईंनी पाकीट वर्षापूर्वी एकदाच आणलं होतं. दूध संघात त्या स्वतः प्रत्येक विरजण सात वेळा वापरून झालं की मोरीत ओतायला लावायच्या. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की जिवाणू बदलतात, ज्याला जास्त खाता येतं तोच उरतो, हे त्यांनी किती पोरींना घोकून घेतलं होतं! पण तो नियम कारखान्यातला. घरचं विरजण टाकायचं असतं, हे त्यांच्या आईनं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या डोक्यातही आलं नाही. वर्षभर, रोज एक पिढी. त्यांचे जिवाणू आता शिळा वासही खात होते आणि मरणाचा वासही.

"मी घरीच लावलं होतं, डॉक्टर. काहीही करा, पण हिला वाचवा. माझं कुणी नाही हो दुसरं." त्या टेबलाची कड धरून रडल्या, अगदी लाज सोडून.

डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत बघू म्हणाले. वास वेळेवर आला असता तर बुंदीनं आणखी दोन-तीन वर्षं सहज काढली असती, हे त्यांनी ताईंनी विचारल्यावरच सांगितलं.

बुंदीला तिथंच ठेवून ताई भर दुपारी घरोघर फिरल्या. विरजण ओतून टाका, मांजराचं रक्त तपासून घ्या. बायका ऐकून घेत होत्या, पण विश्वास कुणाचा बसत नव्हता. वास गेला तर वाईट काय झालं? शेवटी शेवंता मगदूम या शेजारणीकडे गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "अहो ताई, आमच्या मामंजींनापण रोज लावते मी. तोंडाला फार यायचा त्यांच्या. आता जवळ बसवतं तरी."

मामंजी आतल्या खोलीत खाटेवर होते. शेजारी पाण्याचे दोन तांबे रिकामे. हल्ली झोपूनच असतात, उन्हाळा बाधलाय, असं शेवंता सांगत होती. ताईंनी वाकून त्यांच्या तोंडाशी नाक नेलं. म्हाताऱ्याचा श्वास नुकत्याच धुतलेल्या भांड्यासारखा होता. त्यांनी शेवंताला तिथल्या तिथं रिक्षा बोलवायला लावली आणि मामंजींना दवाखान्यात धाडलं. आणखी कुणाकुणाला लावलंस, आणि बाकीच्या बायकांनी कुणाला लावलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा शेवंता म्हणाली, की सगळ्यांनीच लावलंय की घरात, पोराबाळांनासुद्धा.

दिवस कलता कलता त्या तांबोळींकडे परतल्या. सलाईन संपलं होतं. बुंदीनं त्यांना ओळखलं, बारीक आवाज काढला आणि तोंड उघडलं. ताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि नाक पार तिच्या जबड्यात घातलं.

"येऊ दे गं घाण वास. एकदा तरी येऊ दे."

आला नाही. चाळीस घरांत कोण कोण असं बिनवासाचं आजारी पडून होतं, आणि ते आता कुणाच्या नाकाला कळणार होतं?