टीप वाचकांना दिसते

अकरा वर्षं गहाळ असलेलं पुस्तक मला सापडलं ते बोटीत, एका अनोळखी माणसाच्या मांडीवर.

सकाळची पहिली बोट होती. नदीवर धुकं इतकं दाट, की पलीकडे काठ आहे की नाही अशी शंका यावी. मी बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले होते. शेजारी तो वाचत होता. त्याने पान उलटलं आणि कोपऱ्यात मला जांभळा शिक्का दिसला. अर्धा पुसलेला, पण आमचाच. आमच्या शिक्क्यातला 'थ' तुटका आहे. तो मी झोपेतही ओळखेन.

"हे पुस्तक आमचं आहे," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. चष्म्यावर धुकं बसलं होतं. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला आणि मग मला नीट पाहिलं... इतकं नीट, की मीच नदीकडे बघायला लागले.

"आमचं म्हणजे कुणाचं?"

"अलीकडच्या ग्रंथालयाचं. दाखल अंक चार हजार दोनशे सोळा. अकरा वर्षं वहीत लाल शाईने 'गहाळ' लिहिलंय."

त्याने शांतपणे पहिलं पान उघडलं. तिथे हिरवा गोल शिक्का. "आणि हे पलीकडच्या ग्रंथालयाचं. मी तिथला ग्रंथपाल."

कुणा सभासदाने आमच्याकडून नेलेलं पुस्तक चुकून त्यांच्याकडे परत केलं असणार, आणि तिथल्या कुणी ते खुशाल दाखल करून घेतलं असणार. दोघांनाही हसू आलं. पण पुस्तक सोडायला कुणी तयार नव्हतं.

"एवढ्या सकाळी तुम्ही कुठे निघालात?" त्याने विचारलं.

"बाजारात. नवी दाखलनोंदवही आणायला. जुनी भरली."

"वही घेऊ नका."

"का?"

"आम्ही वर्षापासून एक सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, चांगलं आहे. तुम्ही त्यातच या. दोन्ही काठांचा कॅटलॉग एक करू. पुस्तक तुमच्याकडे की आमच्याकडे, एवढंच काय ते बदलत राहील."

"म्हणजे हे पुस्तक दोन्ही घरचं?"

"हो ना. सासर-माहेर म्हणा..." असं म्हणाला आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

मी वही न घेताच परतले.

आमच्या अध्यक्षकाकांना 'फुकट' या शब्दाचं भारी वावडं. ते म्हणाले, "फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार. आज फुकट, उद्या गळ्यात धोंड."

पलीकडचा तो ग्रंथपाल पुढच्या गुरुवारी आला. म्हणाला, "काका, कुणीतरी ते लिहिलं, दुसऱ्यांनी सुधारलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. अडलं की जगातला कुणीही मदत करतो. तुमच्या ग्रंथालयात तरी वेगळं काय होतं?"

काकांनी समोरची जुनी वही मिटली. मग म्हणाले, "चहा घेणार का?" म्हणजे मंजूर.

पाच गुरुवार तो येत राहिला. खिडकीतून दुपारचं ऊन तिरकं आत यायचं, त्यात पुस्तकांची धूळ तरंगत असायची. इतर दिवशी जमेल तेवढं मी एकटी करायचे; गुरुवारी मी वहीतलं वाचायचे, तो टाइप करायचा. मग मी बारकोडची पट्टी चिकटवायचे, तो यंत्राचा लाल प्रकाश तिच्यावरून फिरवायचा... टिंग. त्या एका आवाजासाठी मी आठवडाभर वाट बघत होते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. किंवा कळत होतं, पण मी कळून घेत नव्हते.

"तुम्ही लेखकाचं नाव वाचताना आवाज खाली नेता," तो एकदा म्हणाला.

"मग?"

"काही नाही. मला दोनदा विचारावं लागतं. म्हणजे... लागत नाही, पण मी विचारतो."

सहाव्या गुरुवारी काम संपलं होतं. त्याला यायला कारणच उरलं नाही. त्या दिवशी मी कपाटं तीनदा पुसली.

पण पुस्तकं जात-येत राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी बोटवाल्याकडे एक कापडी पिशवी द्यायची. आमच्या सभासदाला हवं ते पुस्तक तिकडून यायचं, तिकडच्याला हवं ते इथून जायचं. आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पुस्तकापुढे एक रकाना होता, टीप लिहायचा. पुस्तकाची अवस्था लिहायची, एवढाच त्याचा उपयोग.

पहिली टीप मी लिहिली. 'पान ४७ वर चहाचा डाग. आमच्याकडचा नाही.'

शुक्रवारी त्याखाली उत्तर होतं. 'डाग माझा. पान वाचून बघा, तुमचाही हात हलेल.'

मी वाचलं. नायिका परगावी निघालेली असते आणि नायक धक्क्यावर नुसता उभा राहतो, तोंडातून शब्द काढत नाही. मी लिहिलं, 'हात हलला नाही. राग आला. माणसाने बोलावं.'

'काही माणसांना लिहिणं सोपं जातं.'

'मग त्याने लिहावं तरी!'

अशी सुरुवात झाली. कादंबऱ्यांपुढचे रकाने भरले तसे आम्ही दुसऱ्या पुस्तकांकडे वळलो. मधमाश्या पाळण्याच्या पुस्तकापुढे त्याने लिहिलं, 'राणीमाशी एकदाच उडते म्हणे. तुम्ही पुन्हा कधी या काठावर?' मी लिहिलं, 'राणीला पोळ्यात कामं असतात.' नळदुरुस्तीच्या पुस्तकापुढे मी लिहिलं, 'आज धुकं नव्हतं. तुमच्या खिडकीतला दिवा इथून दिसला.' त्यावर त्याने लिहिलं, 'आता रोज तासभर आधी लावेन.'

आणि खरंच लावायला लागला. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना मी पायरीवर थांबायचे. पाण्यापलीकडे एक पिवळा ठिपका. नदी मधून वाहत असायची, जणू तिला कशाचीच घाई नाही.

त्या दिवसांत आमची देवघेव अचानक वाढली. मधमाश्यांच्या पुस्तकाला नऊ जणांनी नंबर लावला. नळदुरुस्तीच्या ज्या पुस्तकाला बारा वर्षांत कुणी हात लावला नव्हता, ते शिवणकामवाल्या ताई घेऊन गेल्या. अध्यक्षकाकांनी बैठकीत माझं कौतुक केलं. "वाचकांची अभिरुची बदलतेय," ते म्हणाले. मी मान डोलावली. वेडी मी!

मग एका सोमवारी गणिताच्या निवृत्त बाई देवघेवीच्या टेबलाशी आल्या. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणाल्या, "काय गं, पाककृतींच्या पुस्तकावर त्यांचं उत्तर आलं का? परवापासून मी सारखी बघतेय."

"कुणाचं उत्तर, बाई?"

"अगं, पलीकडच्यांचं!" आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

घरबसल्या पुस्तक शोधता यावं म्हणून मीच सगळ्यांना आमचा ऑनलाइन कॅटलॉग उघडायला शिकवला होता. त्यात पुस्तकाचं नाव, लेखक, दाखल अंक, आणि खाली, ठळक अक्षरांत, आमच्या टिपा. साऱ्याच्या साऱ्या.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाई माझा चेहरा बघून गडबडल्या. "अगं, तुला माहीत नव्हतं? आम्हाला वाटलं, आजकाल असंच असतं..."

त्या गेल्यावर मी सेटिंगची पानं एकेक करून उघडली. एका ओळीपुढे छोटा चौकोन होता. 'टीप वाचकांना दिसते.' त्यात बरोबरची खूण. प्रत्येक ग्रंथालयाने हे आपापलं ठरवायचं होतं. मी कधी बघितलंच नव्हतं. बदलांची नोंदही तिथेच होती, कुणी काय कधी बदललं त्याची. ती मी दोनदा वाचली. पलीकडच्या ग्रंथालयाने आपल्या चौकोनातली खूण काढली होती. सात आठवड्यांपूर्वी.

म्हणजे त्याला माहीत होतं. स्वतःची बाजू त्याने झाकून घेतली आणि मला मात्र भर चौकात लिहीत ठेवलं!

मी आमच्याही चौकोनातली खूण काढली आणि सगळ्या टिपा पुसल्या. मंगळवारी पिशवीत फक्त पुस्तकं गेली. शुक्रवारी त्याच्या तीन टिपा आल्या, मी उघडल्या नाहीत. संध्याकाळी मागच्या दाराने निघू लागले, म्हणजे नदी दिसायला नको.

आईच्या गुडघ्यांनी दावा साधल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. पुस्तकं मोबाईलवर निवडते, मी आणून देते. त्या शुक्रवारी रात्री ताटावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "टिपा का गं काढल्यास?"

घास माझ्या हातातच राहिला. "आई! तूसुद्धा?"

"पहिल्या डागापासून वाचतेय."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? तू इतकं छान लिहितेस हे मला कुठे माहीत होतं? तू घरी येऊन 'जेवलीस का, गोळी घेतलीस का' यापलीकडे बोलतेस का कधी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "वाटलं, बोलले तर तुझं लिहिणं थांबेल."

मी रागाने सगळं सांगितलं. चौकोन, सात आठवडे, सगळं. आईने ऐकून घेतलं.

"चुकलाच तो," ती म्हणाली. "पण मी तरी वेगळं काय केलं? माझ्यावर रुसून घर सोडणार आहेस का? जा, आणि त्याच्या तोंडावर भांड. मनातल्या मनात भांडलं की दुसरी बाजूही आपणच बोलतो, आणि वाटेल ते बोलतो."

शनिवारी दुपारच्या बोटीने मी पलीकडे गेले. पाणी संथ होतं; त्याला काय सुनवायचं ते मी पुन्हा पुन्हा घोळवत होते.

त्यांचं ग्रंथालय आमच्याहून लहान निघालं. दोन खोल्या, उंच खिडकी, वर्तमानपत्र वाचणारे तिघे आजोबा. तो शिडीवर चढून पुस्तकं लावत होता. मला बघितलं आणि हातातली दोन पुस्तकं खाली पडली. आजोबांनी वर्तमानपत्रं थोडी वर केली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

तो उतरला. "हो."

"सात आठवडे."

"हो." चष्मा पुसायला काढला, पण पुसलाच नाही. "आमच्या एका सभासदाने दाखवलं. मी लगेच इथलं बंद केलं. तुमचं मला बंद करता येत नव्हतं, ते तुमच्याच हातात होतं. त्या शुक्रवारी सांगणार होतो. चिठ्ठी लिहून पिशवीत टाकलीही होती."

"मग?"

"त्याच दिवशी तुम्ही लिहिलंत, की खिडकीतला दिवा दिसला." त्याने पडलेलं एक पुस्तक उचललं. "मी चिठ्ठी काढून घेतली. सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता. मग पुढच्या शुक्रवारी, मग त्याच्या पुढच्या... सांगायला हवं होतं. तुमच्यावर लोक हसत असतील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"हसत नव्हते," मी म्हणाले. का कोण जाणे, खरं ते बोलावंसं वाटलं. "नंबर लावत होते."

एक आजोबा खोकले. तो हसला नाही. माझ्याकडेच बघत राहिला, आणि त्या नजरेत सबब नावालाही नव्हती. मी आठवडाभर घासून धारदार केलेली वाक्यं एकेक करून बोथट झाली.

"तुमच्या तीन टिपा मी उघडल्या नाहीत," मी म्हणाले.

"तिन्हींत एकच लिहिलंय."

"ते आता लिहू नका. आजवर तुम्ही जे जे लिहिलंत ते अख्ख्या काठाने वाचलं. गणिताच्या बाईंनी वाचलं, काकांनी वाचलं असेल, माझ्या आईने वाचलं. आता जे सांगायचंय ते बोला. मला एकटीला."

त्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी वर्तमानपत्रं टाळूपर्यंत वर नेली. तो दोन पावलं पुढे आला, इतका की त्याच्या बाहीवरचा जुन्या कागदाचा वास मला आला... आणि माझ्या कानाशी तो हळूच बोलला. तीनच वाक्यं. मध्ये एकदा अडखळला.

काय बोलला, ते मी कधी कुठल्याच रकान्यात लिहिणार नाही.

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. मला परतायचं होतं. तो तसाच उभा, उत्तर ऐकायला जीव कानात गोळा करून.

मी त्याचा चष्मा त्याच्या हातातून घेतला, माझ्या पदराला पुसला आणि परत दिला.

"चल," मी म्हणाले. "आई वाट बघत असेल."

'चला' नाही. 'चल.'

वर्तमानपत्रांच्या घड्या घालून तिघे आजोबा आपणहून बाहेर पडले. त्याने दार लोटून घेतलं, कुलूप दोनदा चुकीचं लावलं, आणि धक्क्यापर्यंत सबंध वाट तो एकटाच हसत होता.