खालच्या वस्तीचा भोंगा

"आनखी एक मॅडम? कशाला येता तुमी? मुका हाय तो भोंगा, आमाला ठाव हाय."

तळ्याकाठच्या त्या अर्धवट बांधून सोडलेल्या डोंगरगावात पायल पहिल्यांदा आली, तेव्हा खांबावर चढलेल्या रत्नदीपने वरूनच तिचं असं स्वागत केलं. ती जांबे गावातल्या कंपनीची नेटवर्क इंजिनिअर, तो इथला वायरमन. बारीक पाऊस लागला होता आणि वाऱ्याने तिची छत्री केव्हाच उलटी केली होती.

"खाली उतरून बोललात तर ऐकू तरी येईल!"

तो हसला नाही. पण उतरला, आणि आपली छत्री गुपचूप तिच्या हातात देऊन भिजत पुढे चालू लागला.

हसणं त्याने गेल्या वर्षीच सोडलं होतं. दरड सरकली तेव्हा वरच्या रिकाम्या इमारतींचे धोक्याचे सगळे भोंगे बोंबलले, त्याच्या वस्तीचा तेवढा गप्प राहिला, आणि धाकटी बहीण शुभांगी घरासकट मातीखाली गेली.

पायलने चूक शोधली. इशारा एकदाच सोडायचा, आणि गटात नाव दिलेल्या प्रत्येक भोंग्याला तो राउटरने वाटायचा, याला मल्टिकास्ट म्हणतात. वस्तीच्या वाटेवरच्या राउटरवर ते रूटिंग कुणी चालूच केलं नव्हतं.

"एवढंच?" रत्नदीपने विचारलं.

"एवढंच..."

तो हातातल्या पकडीकडे बघत बसला. पायलला त्याचा हात धरावासा वाटला, पण धीर झाला नाही.

मग ती वर कंट्रोल रूममध्ये, तो खाली खांबापाशी, आणि मध्ये फोन.

"आता आला आवाज?"

"न्हाई. नुसती खरखर... जेवलात का तुमी?"

"हे पण भोंग्यातून आलं का?"

"न्हाई. हे माझं इचारणं हाय."

आठवडाभर असंच चाललं. एका दुपारी चाचणीच्या गटात वस्तीचा भोंगा खणखणीत बोलला. काम संपलं, आता उद्या परत जांब्याला! असल्या दुःखात बुडालेला माणूस आपणहून काय बोलणार? तिलाच बोलायला हवं होतं. चाचणीच्या गटात तो एकच भोंगा, खाली खांबापाशी तो एकटा. तिने माइक ओढला.

"रत्नदीप... मी परत येऊ का? कामासाठी नाही — तुझ्यासाठी."

बटण सोडलं, आणि खिडकीबाहेर सायरन उठला. चाचणीनंतर शेवटच्या तपासणीसाठी निवडून ठेवलेला, सगळ्या भोंग्यांचा धोक्याचा गट बदलायचा राहिला होता! त्यात आधी सायरन वाजतो, मग निरोप. सगळ्या डोंगरभर तिचाच आवाज घुमला, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोनमध्ये पळापळ, पोरांचं रडणं, "टेकाडावर चला!"

"सॉरी... चुकून झालं..."

"समदी भाईर पडली," रत्नदीप धापा टाकत म्हणाला. "एकबी माणूस घरात राह्यलं न्हाई."

मागे कुणी बाई हुंदके देत होती.

"कोण रडतंय?"

"आई. म्हणतीय... आसा वाजला आस्ता तर शुभी वाचली आस्ती."

काचेवरून पाणी ओघळत होतं, आणि पायल फोन कानाला धरून रडत राहिली.

"पायल," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच मॅडम नव्हतं. "आई इचारतीय, ती पोरगी जेवली का. तिला घरी आण म्हणतीय... मीबी म्हणतोय. ये तू."

पायलने डोळे पुसले. धोक्याचा गट बंद केला. मग दोनदा तपासून फक्त खालच्या वस्तीचा भोंगा निवडला.

"येते," ती माइकमध्ये म्हणाली.