पंधरा दिवसांतली उत्तरं

वरळीच्या चाळीतली मालन कामगार केंद्रात गेली होती ती शिवणाचं मशीन मोकळं आहे का बघायला. हाती पडला छापील कागद. देणारा तरुण गिरगावचा, कमलाकांत. गिरणगावातल्या बायकांच्या मनावर किती ताण आहे, ते मोजायला कॉलेजनं त्याला धाडलं होतं.

"वाचता येतं?"

"सातवी पास आहे," मालन तोऱ्यात म्हणाली.

"मग छानच. ‘हो’ किंवा ‘नाही’वर खूण करा." त्यानं कोपऱ्यातलं बाक दाखवलं.

झोप मोडते का? अन्न नकोसं होतं का? कामातलं लक्ष उडतं का? मालननं पाच मिनिटांत सगळीकडे ‘नाही’ केलं. मान वर केली, तर तो तिच्याच चाळीतल्या बकुळाला प्रश्न वाचून दाखवत होता. बकुळाला अक्षरओळख नव्हती.

"छातीत धडधडतं का?"

"भाऊ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेला की धडधडतं, मास्तर. आणि तुम्ही असं बघून विचारलंत तरी..." बकुळा पदराआड हसली. तोही हसला.

अर्धा तास चाललं होतं ते. बापानं आपल्याला शाळेत घातलं नसतं तर बरं झालं असतं, असं मालनला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

पंधरा दिवसांनी तोच कागद पुन्हा भरायचा होता, उत्तरं बदलतात का ते पाहायला. मालन डोळ्यांना पदर लावून आली.

"डोळे आलेत. तुम्हीच वाचा."

तिच्या स्वच्छ डोळ्यांकडे त्यानं क्षणभर पाहिलं... आणि स्टूल जवळ ओढलं.

"झोप मोडते?"

"हो."

"अन्न नकोसं होतं?"

"हो."

शेवटपर्यंत ‘हो’च. त्यानं तिचा जुना कागद काढला. "तेव्हा सगळं ‘नाही’ होतं. पंधरा दिवसांत झालं काय?"

"हे कागदावर आहे?"

"नाही. मी विचारतोय."

तो हसला, तर पुन्हा या केंद्राची पायरी चढायची नाही — तिनं मनाशी ठरवलं आणि बोलून टाकलं. "बकुळापाशी अर्धा तास बसलात. मला बाक दाखवलंत."

तो हसला नाही. प्रश्नांचा न भरलेला कागद आणि पेन्सिल त्यानं तिच्यापुढे सरकवली. "आता तुम्ही मला विचारा."

डोळे आल्याचं विसरून ती घडाघडा वाचू लागली. "कामातलं लक्ष उडतं?"

"हो."

"कधीपासून?"

"असं कागदावर नाही."

"मी विचारतेय."

"त्या बाकावरून तुम्ही माझ्याकडे रागानं बघत होतात ना... तेव्हापासून."

मालननं खूण केली. इतकी मोठी, की ‘हो’ची चौकट ओलांडून गेली.