आजीचा चेंडू का वळेना?

टोप्या या यंत्रमानवाने बोलिंगचा जड चेंडू सोडला. तेलकट, लांब लाकडी लेनवरून तो नाकासमोर गेला आणि कोपऱ्यातली एकच पिन पाडून मागे दिसेनासा झाला.

"बघ, तुझ्या हाताचा दोष नाही," आजोबा उर्वीला म्हणाले. "टोप्यानं अगदी आजीसारखा फेकला. तेवढाच जोर, तेवढीच फिरकी."

उर्वीने डोळे पुसले. आजीच्या हातून हाच निळा चेंडू कडेच्या पन्हळीजवळून जायचा आणि शेवटी झपकन आत वळायचा. दहाही पिना आडव्या! सुलभाआजी गेल्यावर तो उर्वीला मिळाला. तिची बोटे बारीक, म्हणून टोप्याने त्यात नवी भोके पाडली. तेव्हापासून चेंडू वळेचना.

"चेंडू तोच, वजन तेच. मग बदललं काय?" आजोबांनी विचारले.

"फक्त भोकं."

"चल, घरी स्वयंपाकघरात जाऊ."

"तुमच्या प्रयोगशाळेत नको?"

"तिथे वांगी नसतात."

आजोबांनी एक लांबट वांगे घेतले आणि विणकामाची सुई त्यातून उभी आरपार घातली. उर्वीने सुई दोन्ही तळव्यांमध्ये फिरवली. वांगे शांतपणे गोल फिरले. मग त्यांनी सुई काढून तिरकी खुपसली. आता वांगे हिंदकळू लागले.

"चेंडूच्या पोटात असाच एक गाभा (आतला जड तुकडा) असतो. सुई म्हणजे आस (ज्या रेषेभोवती चेंडू फिरतो ती). भोकं कुठं आहेत त्यावर हातातून सुटताना गाभा आसाच्या रेषेत सरळ राहणार की तिरका, ते ठरतं."

"हिंदकळला तर वळतो? कसा काय?"

"लेनवर तेल असतं. गाभा सरळ असेल, तर चेंडूचा तोच तो पट्टा पुन्हा पुन्हा जमिनीला लागतो. तो तेलानं माखतो आणि घसरतो. गाभा तिरका असला, की आस हळूहळू सरकतो. मग दर फेऱ्याला..."

"नवा, कोरडा पट्टा लागतो!" उर्वी ओरडली. "आणि कोरडा पट्टा जमीन पकडतो!"

"शाबास. त्या पकडीला घर्षण (घासताना होणारा अडथळा) म्हणतात. लेनच्या शेवटी तेल नसतं, तिथे ही पकड चेंडूला फिरकीच्या बाजूला खेचते."

"मग टोप्या, तू भोकं भलतीकडे का पाडलीस?" चेंडू घेऊन मागे आलेल्या टोप्याला तिने विचारले.

"मला काय बोलतेस?" टोप्या म्हणाला. "आजोबांनीच बजावलं, सुलभाताईंच्या भोकांना धक्का लावायचा नाही. गाभा तिरका राहतो ती जागा तीच. आता आणखी भोकं पाडली तर चेंडू तडकेल. सगळी बुजवून त्या जुन्या जागीच बारीक पाडावी लागतील."

आजोबांनी चेंडू जवळ घेतला. उर्वीने त्यांचा हात धरला. "राहू द्या, आजोबा. मी दुसरा चेंडू घेते. हा कपाटात ठेवा."

"कपाटात? सुलभानं मला घराबाहेर काढलं असतं." त्यांनी तीन बोटे त्या भोकांत घातली, जरा वेळ तशीच ठेवली आणि बाहेर काढली. "टोप्या, बुजव."

रविवारी उर्वीने चेंडू फेकला. तो पन्हळीच्या कडेने गेला. आजोबा खुर्चीतून उठले. शेवटी चेंडू वळला आणि पिना धडाधड कोसळल्या. दोन उरल्या.

"दोन राहिल्या!" उर्वी हिरमुसली.

"पण वळला की नाही?" आजोबा म्हणाले.

"आजोबा, चंद्रावर वजन कमी. म्हणजे घर्षणही कमी. तिथे चेंडू वळायला लेन किती लांब लागेल?"

"मला नाही माहीत," आजोबा हसून म्हणाले. "तू तिथे जाशील तेव्हा मोजून कळव."