डबीतल्या दोन गाठी

बनूला महाडला नेलं त्या वर्षी शिमगा लवकर आला होता. होळीची राख अजून माळावर होती आणि पहाटे अंगावर कांबळं लागत होतं. बनू माझी नात, तेव्हा तीन वर्षांची. तिच्या घशात दोन्ही बाजूंना गाठी वाढल्या होत्या. दर पंधरवड्याला ताप यायचा, आणि झोपली की श्वास असा अडकायचा की आम्ही उठून बसायचो. तिचा बाप मुंबईला गिरणीत. त्याने पत्र धाडलं, की महाडात एक डॉक्टर महिन्यातून दोनदा येतो, गाठी कापून काढतो, पोरीला न्या. मला वाचता येत नाही. पत्र शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. 'कापून' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला, नाहीतर मला दोनदा ऐकू आला असेल.

तरी मी नेलं, कारण मागच्याच श्रावणात आमच्या कापडे गावातली ठमाबाईची राही घशानेच गेली होती. चार वर्षांची पोर. ठमाबाई विधवा, तिला ती एकटीच. शेवटचा दीड दिवस राहीच्या तोंडातून आवाज निघाला नाही. ठमाबाई तिच्यापुढे बसून म्हणत होती, "एकदा हाक मार गो. एकदाच." राही नुसती ओठ हलवायची. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दवाखान्यात मला दाराबाहेर बसवलं. आत औषध हुंगवलं त्याचा गोडसर वास बाहेरपर्यंत आला. एक रात्र ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरने समजावलं. चार दिवस पोरीला बोलू द्यायचं नाही. गार पेज, गार दूध, शहाळ्याचं पाणी. घशात पांढरी साय धरेल, तिला घाबरू नका. पण झोपेत ती सारखी गिळायला लागली तर रक्त आत जातंय असं समजा, तोंड उघडून बघा, आणि रक्त दिसलं तर तसेच निघा.

आमच्याकडे मुलाची नाळ न्हाणीमागे, आपल्याच जमिनीत पुरतात. अंगाचं जे सुटलं ते भलत्या ठिकाणी पडू नये. म्हणून मी कापलेल्या गाठी मागितल्या. कंपाउंडर हसला. "आजोबा, लोणचं घालणार की काय?" पण मलमाच्या रिकाम्या डबीत, कापसात गुंडाळून, त्याने त्या दिल्या. मी उघडून पाहिल्या. करवंदाएवढ्या दोन. मग झाकण दाबून घट्ट बसवलं.

परत यायला गावातल्याच भागोजीची बैलगाडी होती. माझी सून रखमा बनूला मांडीवर घेऊन बसली होती. पोलादपूर मागे पडलं, आणि गावाच्या शिवेवरच्या ओढ्याशी येईतो उन्हं उतरली. तिथे भागोजीने गाडी उभी केली.

"कमरेला काय बांधलंयस, येसाजी?"

मी सांगितलं.

"माणसाचं कापलेलं मी शिवेच्या आत नाय नेणार. बैल माझे हायत. उद्या बसले, तर तू जुंपून घेशील काय?"

बनू तापाने फणफणली होती. वाद घालायची ती वेळ नव्हती. ओढ्याकाठी जांभळीखाली एक चपटा दगड होता. तो उचलला, कोयत्याच्या टोकाने माती उकरली आणि डबी ठेवून दगड परत लावला. माती मऊ होती. इतकी का मऊ होती, हे त्या घाईत मनात आलं नाही.

पाळत ठेवायची म्हणून मी बनूच्या उशाशीच बसू लागलो. लहान पळीने गार पेज घालायची, एक घोट उतरला की डोळ्यांतून पाणी. कान दुखायचा, तो हाताने धरायची. तोंडाला उग्र वास यायचा. मी तिच्या गळ्याकडे बघत राहायचो.

दुसऱ्या दिवसापासून ठमाबाई शहाळं घेऊन यायला लागली. उंबऱ्याशी बसायची, पोरीच्या गळ्याकडे बघायची आणि एकच विचारायची.

"बोलली का?"

"डॉक्टरने नको सांगितलंय," मी म्हणायचो.

"बरं." आणि जायची. पोर बोलली नाही हे ऐकून तिला बरं वाटतं असं मला दिसायचं.

चार दिवस झाले. सहा झाले. ताप गेला, पेज नीट उतरू लागली. पण बनू तोंड उघडायची आणि नुसती हवा बाहेर यायची. रडायची तेही आवाज न करता. आठव्या दिवशी मी ठमाबाईचं शहाळं मागच्या दारी ओतलं. रखमाने पाहिलं.

"मामांजी, पोरीच्या तोंडचं पाणी ओतता?"

"तिच्या हातचं नको."

"तिची राही न आपली बनू एका पाटावर जेवायच्या. इसरलात?"

"इसरलो नाय. म्हणूनच."

रखमाने रिकामं शहाळं उचलून नेलं. पण दुसऱ्या दिवशी ठमाबाई आली नाही तेव्हा तिनेही दाराकडे दोनदा पाहिलं.

त्याच दुपारची गोष्ट. ऊन डोक्यावर होतं, पान हलत नव्हतं. बनू झोपली होती, आणि तिचा गळा हलू लागला. मी घाबरलो. तिला मांडीवर घेऊन पळीच्या दांड्याने तोंड उघडलं. रक्त नव्हतं. दोन्हीकडे पांढरी साय, जीभ कोरडी. ती गिळत नव्हती. बोलताना गळा हलतो तसा तो हलत होता.

एवढ्यात भागोजी अंगणात आला.

"नात बरी झाली म्हण की. ओढ्यावर हाका मारतेय."

"कोणाला?"

"आयेला. ठमाबाई हाय तिथं. मी काय थांबलो नाय, बैल सोडायचे हायत."

मी मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. भागोजीनेही पाहिलं, आणि तो तसाच मागे वळला. बनू आईला बय म्हणायची. आये म्हणायची ती राही.

मी ओढ्यावर गेलो. ठमाबाई जांभळीखाली माझ्याकडे पाठ करून बसली होती. दगडापुढे पेजेची वाटी होती. मी दहा पावलांवर थांबलो.

"आये…"

आवाज बनूचा होता. तापानंतर येतो तसा किंचित घोगरा. तो माझ्या कानातला होता, त्यात चूक होणार नाही.

"ओ," ठमाबाई म्हणाली.

"आये… गार हाय…"

"गारच बरी असते गो, घशाला."

"ठमाबाई," मी म्हणालो.

ती दचकली नाही. "हळू बोला, भावजी. तिला अजून सवय नाय."

तेव्हा मला कळलं माती मऊ का होती. लहान पोरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात; राहीला नेलं तेव्हा मी सोबत गेलो नव्हतो.

"हा आवाज माझ्या नातीचा हाय," मी म्हणालो.

"हाय. मला ठावं हाय. हिचा तर राहिलाच नव्हता."

"माझी पोर मुकी होईल, बाई."

तिने पेजेची वाटी दगडाजवळ सरकवली. मग म्हणाली, "बनूला बाप हाय, बय हाय, तुमी हाव. माझ्याकडं दुपारची ही एवढी हाकच हाय." आणि तिने तोंड फिरवलं. अडवलं मात्र नाही.

मी दगड उचलला. डबी जिथे ठेवली तिथेच होती, झाकण घट्ट. घरी न्हाणीमागे खड्डा घेतला आणि पुरण्याआधी डबी उघडली.

आत एकच गाठ होती.

कापूस तसाच गुंडाळलेला होता. मुंगी नाही, किडा नाही. मी परत ओढ्यावर जायला हवं होतं. गेलो नाही. ती पाठमोरी बसलेली बाई पुन्हा बघवली नसती, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. एक गाठ पुरली, वर दगड ठेवला, आणि कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी बनू उठली आणि म्हणाली, "आजा, पेज." रखमा चुलीपुढेच रडायला लागली.

याला बारा वर्षं झाली. बनूचा आवाज चांगला आहे, जात्यावर गाते तेव्हा वाटेवरचा माणूस थांबतो. फक्त दुपारी, ऊन डोक्यावर आलं की, घटकाभर ती गप्प होते. काही विचारलं तर ओठ हलतात, आवाज नाही. मग आपोआप येतो. त्या वेळी ठमाबाई वाटी घेऊन ओढ्याकडे उतरत असते. मी डबीचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. आत्ता सांगतोय.

परवा बनूची सुपारी फुटली. मुलगा बिरवाडीचा, माणसं बरी आहेत. दुपारी पाहुणे गेले आणि ठमाबाई शहाळं घेऊन आली. केस पार पांढरे झालेत. बनू पाटावर बसली होती. ठमाबाई उंबऱ्याशी टेकली.

"बिरवाडी लांब हाय काय गो?"

बनू बोलली नाही. बोलण्याची वेळ नव्हती. पण ही वेळ तर ठमाबाईची ओढ्यावर असण्याची. ती इथे कशी, हे मला उशिरा सुचलं.

"तिथंपन या वेळेला गप राहशील ना? सासरची बोलतील. तरी?"

बनूने माझ्याकडे पाहिलं. मग ठमाबाईकडे पाहून मान हलवली.

"बरं झालं. राहीला घोर लागला होता. तिला तर आता सतरावं लागलं. एकटीला घरात करमत नाय."

"घरात?" मी म्हणालो. "ठमाबाई… कोणाच्या घरात?"

तिने शहाळं फोडलं, पाणी दोन वाट्यांत ओतलं आणि दोन्ही वाट्या बनूपुढे ठेवल्या. बनूने एक उचलली. आणि पाटावर थोडी बाजूला सरकली, शेजारी कुणाला बसायला जागा करून द्यावी तशी.